आपत्ती नाही

मी हिंदी शिकवते आणि घरी मराठी बोलते, त्यामुळे दोन्ही भाषांमधल्या चुका काढायचा परवाना आपल्याला मिळालेला आहे, असं मी वीसेक वर्षं समजत आले. बुऱ्हाणपुरात या कामाला तोटा नाही. इथलं मराठी माणूस वाक्य मराठीत सुरू करतं आणि हिंदीत संपवतं, आणि मधे आपण भाषा बदलली हे त्याच्या गावीही नसतं. मुख्याध्यापकांच्या सूचनांपासून लग्नपत्रिकांपर्यंत मी काहीच सोडलेलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी नवऱ्याने माझ्यासाठी चिठ्ठी लिहून ठेवणं बंद केलं. तो तोंडी निरोप देतो, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नको.

नव्या वर्गात पहिल्या दिवशी मी फळ्यावर काही शब्द लिहीत असे. शिक्षा: हिंदीत शिक्षण, मराठीत छडी. चेष्टा: हिंदीत प्रयत्न, मराठीत टिंगल. यातायात: हिंदीत वाहतूक, मराठीत नुसते हाल. आपल्या शहराचे रस्ते पाहता या तिसऱ्या शब्दात फारसा फरक नाही, असं म्हटलं की पोरं हसायची आणि वर्ग माझ्या ताब्यात यायचा. चौथा शब्द होता आपत्ती. तो मी आता लिहीत नाही. त्याचा नेमका अर्थ मी माझ्या वडिलांना समजावून सांगितला, म्हणून माझा धाकटा भाऊ देश सोडून जाऊ शकला. शाळेत हे कुणाला माहीत नाही.

माझं माहेर तापी ओलांडून इच्छापूरच्या वाटेवर, रस्त्यापासून थोडं आत. आई जाऊन बरीच वर्षं झाली. घरात वडील, म्हणजे आमचे आबा, धाकटा भाऊ, त्याची बायको आणि सहा वर्षांची मुलगी. भाऊ माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. त्याला अक्षरं मीच शिकवली, सायकलही मीच. तो पस्तिशीला आला, एका मुलीचा बाप झाला, तरी माझ्या डोक्यात नाक पुसून द्यायच्या वयाचाच राहिला. हा माझा दोष. त्याच्या आयुष्यात काही प्रश्न आला की मी आधी उत्तर द्यायची आणि मग प्रश्न ऐकायची.

शेत केळीचं. केळी म्हणजे घरात कायमची बाळंतीण. पाणी वेळेवर हवं, वारा लागता कामा नये, ऊन सोसवत नाही, थंडी तर मुळीच नाही. आबांच्या उमेदीत हे सगळं जमून जायचं. उन्हाळा तेव्हाही कडक होता, आमची कातडी काही लोण्याची नव्हती, पण भर दुपारी बागेत शिरलं की अंगाला गारवा लागायचा. आता मे महिन्यात त्याच बागेत उभं राहवत नाही. पानं कडेने करपतात, घडाचा दांडा मोडतो आणि अख्खा घड खाली येतो. याला आमच्याकडे घड सटकला म्हणतात. पूर्वी एखाद-दुसरा सटकायचा. हल्ली माणसं सकाळी बागेत गेली की आधी जमिनीकडे बघतात.

एका वर्षी घड सटकले. दुसऱ्या वर्षी उन्हातून जे वाचले ते पावसाळ्याच्या तोंडाशी आलेल्या वादळाने आडवे केले. वारा अर्धा ताससुद्धा टिकला नव्हता. मी दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून डांबरी रस्ता दिसत होता. माझ्या जन्मात त्या खिडकीतून रस्ता दिसला नव्हता, कारण मधे कायम बाग उभी असायची. आबा ओट्यावर बसले होते. मला म्हणाले, ‘तुही बस आली ते इथूनच दिसलं मले.’

पण बाग पडली म्हणून कुणी देश सोडत नाही. केळी पुन्हा लावता येते. भावाला घराबाहेर काढलं ते विहिरीने.

विहीर आमची आणि शेजारच्या शेतकऱ्याची सामाईक. आजोबांच्या वेळेपासून पाळीने पाणी, एक दिवस त्यांचं, एक दिवस आमचं. कागदावर काहीच नाही. ज्याची पाळी संपली त्याने बांधावर उभं राहून ‘पानी सुटलं हो’ अशी आरोळी द्यायची, मग दुसऱ्याने मोटर लावायची. दोन्ही घरांत बोलणं बंद असलं तरी आरोळी चालू असायची. माझ्या आईला नेलं त्या दिवशीसुद्धा शेजाऱ्यांनी ती दिली होती, थोडी हळू.

मग पाणी कमी व्हायला लागलं. पाऊस पडत नाही असं नाही. पडतो, पण चार दिवसांत सगळा कोसळून तापीतून निघून जातो, जमिनीत मुरायला त्याला सवड नसते. जानेवारीतच विहिरीचा तळ दिसायचा. शेजाऱ्यांनी बोअर मारली. मग आम्ही मारली. मग त्यांनी आमच्याहून खोल. दोन बोअरनी मिळून विहीर पिऊन टाकली. एका दिवसाच्या पाळीत अर्धा तास पाणी उरलं, आणि त्या अर्ध्या तासाचा संशय उरलेला दिवसभर पुरायचा.

वादळानंतरच्या मार्चमध्ये एका दुपारी शेजाऱ्यांनी मोटरच्या स्टार्टरच्या पेटीला कुलूप घातलं. माझ्या भावाने ते दगडाने फोडलं. शेजाऱ्यांचा मुलगा फावडं घेऊन धावत आला. हे दोघं शाळेत एका बाकावर बसायचे. भावाच्या कपाळाला टाके पडले, शेजाऱ्यांच्या मुलाचा हात मोडला. मी पोलीस ठाण्यात पोहोचले तर दोघं तिथेही एकाच बाकावर बसलेले होते आणि मधे हवालदाराने आपली टोपी ठेवली होती. बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, ‘ताई, मी आता इथी राह्यलो ना, तं एक तं तो मरीन, नही तं मी.’ मी त्याला म्हणाले, नाटकं करू नकोस.

पण तो नाटकं करत नव्हता. त्याच्याकडे मोठी गाडी चालवायचा परवाना होता, केळीचे ट्रक त्याने दिल्लीपर्यंत नेलेले होते. कुणाच्या तरी ओळखीने एक एजंट मिळाला. इराकमध्ये ड्रायव्हर हवेत म्हणाला, पाण्याच्या टँकरवर. भाऊ हे सांगताना हसला. ‘घरी पान्यासाठी डोकं फुटलं आन् नोकरी बी पान्याचीच भेटली.’ आमच्या भागातली केळी खोक्यांत बंद होऊन त्या बाजूच्या देशांना जातात. तो म्हणाला, आपली केळी जाऊन आली, आता आपण जाऊन बघू.

एजंटने कागद पाठवले. त्यात एक घरच्यांच्या सहीचा होता, हिंदीत छापलेला. ‘परिवार को कोई आपत्ति नहीं है’ असं एक वाक्य आणि खाली वडिलांच्या सहीची जागा. आबांनी तो कागद दोनदा वाचला आणि पलंगावर ठेवून दिला. भावाने मला फोन केला. ‘ताई, तू ये. आबा सही नही करू राह्यले आन् काहून ते बी सांगत नही.’

रविवारी मी गेले. आबा ओट्यावरच होते. मी कागद घेऊन त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, ‘काहून नही करत सही?’ आबांशी बोलताना माझं व्याकरण आपोआप गावाकडचं होतं. हे माझ्या विद्यार्थ्यांना कळू नये.

आबांनी ओळीवर बोट ठेवलं. ‘वाच. कोनतीच आपत्ती नही म्हने. हे पडेल बाग नही दिसत याईले? विहीर नही दिसत? पोराचं कपाळ? कागद कोनाचाही आसो, आमच्यावर आपत्ती नही असं मी लिहून देनार नही. उद्या कोनी म्हनीन, तूच तं लिहून देलं व्हतं.’

मला हसू आलं. खरंच आलं, मी ते दाबलंही नाही. आबा सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले. हिंदी त्यांना बाजारात ऐकून येते, पण डोळ्यांसमोर अक्षर आलं की ते मराठीच वाचतात. इतकी वर्षं मी जो शब्द फळ्यावर लिहीत होते तो माझ्याच बापाच्या बोटाखाली होता. वर्गात सांगायला याहून चांगलं उदाहरण मिळालं नसतं. त्या क्षणी माझ्या मनात आलं ते एवढंच.

‘आबा, हे मराठीतलं नव्हे,’ मी म्हणाले. ‘हिंदीत आपत्ति म्हंजे हरकत. तुमची हरकत नाही, इतकंच लिहेल आहे त्यात. संकटाबद्दल काहीच नाही.’

आबांनी पुन्हा कागदाकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘मंग तं आजूनच खोटं. हरकत बी हाये माही.’

इथे मी थांबायला हवं होतं. माझ्या बापाने एकाच शब्दाचे दोन्ही अर्थ तपासून दोन्ही नाकारले होते, आणि दोन्ही वेळा तो बरोबर होता. पण मी चिडले. अर्थ समजावून सांगितला की वर्गात विषय संपतो, इथे का संपत नाही, याचा मला राग आला. मी म्हणाले, तुमच्या हरकतीने विहिरीला पाणी येणार आहे का? त्याला इथे ठेवून फावड्याने मारू द्यायचं का? पोरगं काही करायला निघालंय आणि तुम्हीच त्याच्या पायात पाय घालताय. आणखीही बरंच बोलले. भावजय दारात उभी होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. नवरा तिचा जात होता, पण तिचं काय म्हणणं आहे हे विचारावं असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

शेवटी आबांनी पेन मागितलं. मी माझ्या पर्समधलं दिलं. सही करून झाल्यावर ते म्हणाले, ‘तू शिकेल हायेस. तू म्हनतेस तं बरोबर आसीन.’ बसमधून परत येताना मी खुशीत होते. एक अडलेलं काम मार्गी लावलं असं मला वाटत होतं, आणि हे मला लपवायचं नाही.

जुलैमध्ये तो गेला. तिकडे सुट्टी शुक्रवारी, म्हणून शुक्रवारी दुपारी त्याचा फोन यायचा, एकदा आबांना आणि एकदा मला. पहिल्याच व्हिडिओत त्याने खजुराची बाग दाखवली. बाग कसली, शेंडे गळून गेलेले नुसते खांब, नजर जाईल तिथवर. ‘हे पाय ताई. याईची बी बाग गेली. आपली पडून गेली, याईची उभ्या-उभ्या.’

तो ज्या शहरात होता त्याच्याजवळून मोठी नदी जाते. वरच्या देशांनी तिच्यावर धरणं बांधली, पाऊस आटला, उन्हाळे वाढले. नदीत जोर राहिला नाही तेव्हा समुद्राचं खारं पाणी उलटं नदीत शिरलं आणि वर वर येत राहिलं. खजूर मेले, म्हशी मेल्या, शेतकरी गावं सोडून शहराच्या कडेला येऊन राहिले. शहरातल्या लोकांना ही माणसं नको होती. तरण्या पोरांना काम नव्हतं, मग ज्या टोळीने जेवण आणि बंदूक दिली त्या टोळीत ती गेली. हे मला माझ्या भावाने सांगितलं. टीव्हीने नाही. टीव्हीवर त्याच भागाचा नकाशा रोज संध्याकाळी असायचा. निवृत्त अधिकारी त्यावरचे लाल बाण दाखवत जगाच्या सुरक्षेची चिंता करायचे. क्षेपणास्त्र कुठून निघून कुठे पडतं हे त्यांना पाठ होतं. नदी कुठून निघते आणि कुठे पोहोचत नाही, यासाठी त्यांच्याकडे एकही बाण नव्हता. मी टीव्हीसमोर बसून त्यांच्यावर ओरडायची आणि नवरा आवाज बंद करायचा.

भावाचं काम असं: यंत्राने गोडं केलेलं पाणी टँकरमध्ये भरायचं आणि शहराबाहेरच्या दोन वस्त्यांना न्यायचं. दोन्ही वस्त्यांची कुळं वेगळी, दोघांचं एकमेकांशी वैर. एक दिवस एका वस्तीचा, एक दिवस दुसरीचा. शेजारच्या सीटवर एक बंदूकवाला बसायचा, तिथलाच, वयस्कर. भावाने त्याला ‘चल भाऊ’ म्हणायला शिकवलं होतं. कॅमेरा दाखवला की तो दात काढून ‘चल बाऊ, चल बाऊ’ म्हणायचा, बंदूक गुडघ्यांमधे धरून. ‘ताई, इथी बी पाळीच हाये,’ भाऊ एकदा म्हणाला. ‘फक्त आरोळीच्या जागी हवेत गोळी मारतेत.’ तो हसत होता. मीही हसले. आबांना त्याने हे सांगितलं नसावं.

आबा दर शुक्रवारी फोनच्या शेवटी एकच म्हणायचे, ‘ये आता.’ तो म्हणायचा, वर्ष पुरं होऊ द्या, पासपोर्ट मालकापाशी हाये. मी आबांना समजवायची की असं पोराच्या मागे लागू नये. जानेवारीत एकदा त्याच्या मागे टँकरची समोरची काच दिसली, तडकलेली, मधे भोक. विचारलं तर दगड लागला म्हणाला. दगडाने असं गोल भोक पडत नाही, एवढं मलाही कळतं. त्या दिवसापासून मीही ‘ये’ म्हणायला लागले. मालकाला द्यायला अर्ज लिहून पाठवला, आधी हिंदीत, मग इंग्रजीत. एजंटचा फोन लागेना. शेवटी मालकाने कबूल केलं की दुसरा ड्रायव्हर आला की एप्रिलच्या सुरुवातीला सोडतो. भावजयीने त्याचे पेटीतले कपडे काढून धुतले. मला फोन करून विचारलं, दोन शर्ट जुने झालेत, नवे घेऊ का. मी म्हटलं, येऊ दे, त्याच्या मापाने घेऊ, तिकडे जाऊन बारीक झालाय.

मार्चच्या शेवटी, शाळेची परीक्षा चालू होती, मधल्या सुट्टीत फोन वाजला. नंबर तिकडचा, आवाज अनोळखी. उत्तर प्रदेशातला होता, भावाच्या खोलीत राहायचा. त्याने आधी विचारलं, ‘आप हिंदी वाली मैडम बोल रही हैं?’ मग त्याने सांगितलं. स्वच्छ, शुद्ध हिंदी होती त्याची. प्रत्येक शब्द मला कळत होता. आपल्याला हिंदी येत नसती तर बरं झालं असतं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

तिकडे ऊन लवकर चढलं होतं. यंत्र बिघडल्यामुळे दोन दिवस टँकर निघाला नव्हता. तिसऱ्या दिवशी भाऊ निघाला तेव्हा ज्या वस्तीची पाळी होती तिच्या अलीकडे दुसऱ्या वस्तीची माणसं रस्त्यात उभी होती, बायका-मुलं पुढे, हातात प्लॅस्टिकचे डबे. बंदूकवाल्याने हवेत गोळी मारली. माणसं हलली नाहीत. ‘फिर वो नीचे उतर गया, मैडम. गार्ड ने मना किया था. बोला, खोल देते हैं, थोड़ा भर लेने दो.’ पाळी नसताना पाणी सोडताना पाहून पलीकडच्या वस्तीतून गोळ्या आल्या. भाऊ टँकरच्या मागे नळाजवळ होता.

मी रजेचा अर्जही न देता निघाले. माहेरी पोहोचले तेव्हा आबा दारातच होते. मला पाहून म्हणाले, ‘आज काय शाळा नही?’

‘आबा, तो गेला,’ मी म्हणाले.

‘कोठी गेला?’ त्यांनी विचारलं.

मग मला दुसरा शब्द वापरावा लागला. आत भांडं पडल्याचा आवाज आला आणि त्यानंतर भावजयीचा.

त्याला यायला बारा दिवस लागले. मुंबईपर्यंत विमानाने, तिथून गाडीने. पेटी उघडू नका असं त्यावर तीन भाषांत लिहिलेलं होतं. आबांनी ती उघडायला लावली. कपाळावरची टाक्यांची खूण पाहिली आणि मान हलवली. तापीच्या काठी नेलं. शेजाऱ्यांचा मुलगा खांदा द्यायला पुढे झाला, त्याला कुणी अडवलं नाही. रडता रडता माझं एक मन सारखं म्हणत होतं की सहीला पेन मी दिलं होतं. हे मी आबांना बोलून दाखवलं असतं तर ते मला माफ केलं म्हणाले असते, म्हणून बोलले नाही. मला ते ऐकायचं नव्हतं.

थोड्याच दिवसांनी आखाजी आली. अक्षय तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. सासरी गेलेल्या मुली त्या दिवशी माहेरी येतात, आणि घरातून गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. मी सकाळीच गेले. घागर दरवर्षी आबाच भरायचे, आजोबांची, आजीची, नंतर आईची. या वर्षी मातीची नवी घागर आणली होती. आबा पाटावर बसून तांब्या-तांब्याने त्यात पाणी घालत होते आणि निम्म्यावर थांबले.

‘त्या लोकाईले पानी भेटलं का?’ त्यांनी विचारलं.

मला आधी कळलंच नाही कुणाबद्दल विचारतायत.

‘ज्याईच्यासाठी हा उतरला. डबे घेऊन व्हते ना उभे. भेटलं का त्याईले?’

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, थांबा, विचारून सांगते. घराच्या मागे भावजय कपडे वाळत घालत होती. मी तिथेच सावलीला उभी राहून उत्तर प्रदेशच्या त्या माणसाला फोन लावला. आवाज नीट येईना म्हणून स्पीकर लावला. त्याला प्रश्न ऐकून नवल वाटलं असावं. मग म्हणाला, ‘नहीं मैडम. टंकी में छेद हो गए थे. बहुत देर गोली चली, कोई पास नहीं जा सका. सब बह गया.’ भावजयीने हातातला परकर पिळला आणि दोरीवर टाकला. माझ्याकडे बघितलं नाही.

मी आत गेले. आबा तांब्या हातात धरून तसेच बसले होते.

‘भेटलं, आबा,’ मी म्हणाले.

‘दोन्ही वस्त्याईले?’

‘दोन्ही.’

‘कोनी भरलं?’

‘बायकांनी. डबे भरभरून नेले.’

त्यांनी उरलेलं पाणी घागरीत घातलं, गळ्यापर्यंत भरली, वर खरबूज ठेवलं आणि हात जोडले. दुसऱ्याच्या वाक्यातला एक चुकीचा शब्द मला कधी सोडवला नाही, आणि इथे मी अख्खं वाक्य खोटं बोलले आणि जीभ अडखळली नाही. मला त्याची लाजही वाटली नाही. आतून फक्त रिकामं वाटलं.

एकदा सांगून ते संपलं नाही. मी गेले की आबा काहीतरी विचारतात. म्हातारी माणसं होती का त्यात. लहान पोरं होती का. मी सांगते. एक म्हातारी होती, तिला आधी भरू दिलं. एका पोराने नळालाच तोंड लावलं. सांगता सांगता मला ती माणसं दिसायला लागली आहेत. भावजय तेव्हा चुलीजवळ असते, कधी दारात. ती मधे बोलत नाही. तिला खरं माहीत आहे, आणि मला वाटायचं की एखाद्या दिवशी ती ते बोलून दाखवेल, आणि बोलली तर तिचं बरोबरच असेल.

परवा शाळेतून सुटले तेव्हा तिचा फोन आला. ती स्वतःहून मला फारसा फोन करत नाही. ‘ताई,’ ती म्हणाली, ‘आबाईनं आज मले इचारलं, ते पानी गोडं व्हतं का. मी हो म्हनलं. तुमी बी तसंच सांगजा.’

मी बरं म्हणाले.